हिस्ट्री कुणाची घेता, डॉक्टर?

दवाखान्यात एक शब्द आहे. हिस्ट्री. पेशंटची हिस्ट्री घ्या, असं मोठा डॉक्टर शिकाऊ डॉक्टरला सांगतो. या शब्दाची मला गंमत वाटते आणि रागही येतो. शाळेत हिस्ट्रीचं पुस्तक होतं. त्यात गढी होती, तलवार होती, घोडा होता. घोड्याची लीद काढणारा नव्हता. आमचा बाप नव्हता, आजा नव्हता. आणि दवाखान्याच्या दारात गेलं की पहिलाच माणूस म्हणतो, हिस्ट्री सांगा. म्हंजे भाऊ, आमची हिस्ट्री विचारणारी या देशात एकच जागा उरली, ती ओपीडी. आणि तिथं ती सांगायला मिळतं अर्धं मिनिट.

"कधीपासून दुखतंय?"

"लई दिस झालं सायेब. आधी नुसतं गळाटल्यावानी व्हायचं, मग..."

"लई म्हणजे किती? दोन दिवस का दोन महिने?"

"दोन महिने धरा."

पेन फिरलं. केसपेपर भरला. हिस्ट्री संपली.

मी सूतगिरणीत कामाला आहे, दौंडला राहतो, कविता लिहितो. शाळा बारावीला सुटली, वाचन सुटलं नाही. डॉक्टरकीतलं मला काय कळतं, असं कुणी विचारील. डॉक्टरकीच्या शिक्षणात गोष्टी, कविता, नाटक शिकवावं का, यावर आज बरीच चर्चा चालते. चर्चा करणारे बहुतेक डॉक्टर नाहीतर प्रोफेसर. ज्याची गोष्ट शिकवायची तो पेशंट त्या चर्चेत नसतो. तो बाहेर बाकावर बसलेला असतो, नंबर कधी येतो बघत. मी त्या बाकावरून लिहितोय.

चर्चा काय आहे ते आधी सांगतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रिटा शॅरन नावाच्या डॉक्टरीणबाईंनी २००० साली एक शिक्षणक्रम सुरू केला. बाई डॉक्टर आणि साहित्याचा अभ्यासही केलेला. त्यांचं म्हणणं असं की पेशंट डॉक्टरपुढं नुसता आजार ठेवत नाही, गोष्ट ठेवतो. ती ऐकायची, तिचा अर्थ लावायचा, तिनं हलायचं हे डॉक्टरला शिकवावं लागतं, जसं नाडी बघायला शिकवावं लागतं. म्हणून त्या विद्यार्थ्यांना सांगत, केसपेपरवर जे लिहायची सोय नाही ते दुसऱ्या कागदावर साध्या भाषेत लिहा. आपल्याकडे दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये २००९ साली असाच एक गट निघाला. पुढं मेडिकल कौन्सिलनं २०१९ च्या बॅचपासून सगळ्या एमबीबीएसच्या पोरांना 'एटकॉम' नावाचा भाग लावला. वागणूक, नीती आणि संवाद. म्हंजे माणसाशी माणसासारखं बोलायचं कसं, हा आता अभ्यासाचा विषय झाला. बरं झालं.

कोलंबिया हे नाव वाचलं आणि मी थांबलो. हे बाबासाहेबांचं विद्यापीठ. १९१३ ते १९१६ ते तिथं शिकले. आणि डॉक्टर-पेशंटची या देशातली सगळ्यात खरी गोष्ट मला ठाऊक आहे ती बाबासाहेबांनीच लिहून ठेवलेली आहे.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावाचं त्यांचं छोटं टिपण आहे. त्यांच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० साली पुस्तिका काढली. त्यात सुरुवातीलाच ते एक विचार मांडतात. परक्या माणसाला अस्पृश्यता कशी समजावून द्यायची? एक तर सरसकट वर्णन करायचं, नाहीतर एकेक प्रकरण, एकेक केस पुढं ठेवायची. बाबासाहेब दुसरा रस्ता धरतात. बघा, एवढा मोठा कायद्याचा, अर्थशास्त्राचा पंडित. त्याच्याकडं आकडे नव्हते का? सिद्धांत नव्हते का? पण या ठिकाणी तो गोष्ट सांगतो. आपली आणि आपल्यासारख्यांची.

त्यातली एक केस काठेवाडातली. मूळ पत्र 'यंग इंडिया'त १२ डिसेंबर १९२९ च्या अंकात आलेलं. एक अस्पृश्य शाळामास्तर. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. वाचा गेली, श्वास लागला. मास्तर डॉक्टरला बोलवायला गेला. डॉक्टर म्हणाला, तुमच्या वस्तीत येणार नाही, तिला हात लावणार नाही. गावातल्या वजनदार माणसांनी रदबदली केली, दोन रुपये फीची हमी घेतली, तेव्हा तो आला. पण अट अशी की बाईला वस्तीबाहेर आणा. दोन दिवसांची बाळंतीण बाहेर आणली. डॉक्टरनं थर्मामीटर काढलं, एका मुसलमान माणसाच्या हातात दिलं. त्यानं मास्तरच्या हातात दिलं. मास्तरनं बायकोला लावलं. मग त्याच वाटेनं ते परत गेलं. दिव्याच्या उजेडात डॉक्टरनं बघितलं आणि सांगितलं, न्यूमोनिया. औषध पाठवलं. पुन्हा मात्र बघायला आला नाही. बाई मेली.

आता विचार करू. या डॉक्टरमध्ये काय कमी होतं? ज्ञान कमी नव्हतं. रोगाचं नाव त्यानं सांगितलं. यंत्र होतं, औषध होतं, फी मिळाली होती. आजकाल आपण म्हणतो ना, दवाखान्यात मशीन नाही म्हणून माणूस मेला, डॉक्टर नाही म्हणून मेला. ते खरंच असतं पुष्कळदा. पण इथं सगळं होतं. अंतर होतं ते फक्त दोन हातांचं. थर्मामीटरचा पारा चढला तो त्या बाईच्या अंगातल्या तापानं. डॉक्टरला ताप दिसला, बाई दिसली नाही.

हीच गोष्ट मुंबईच्या गिरण्यांतही होती. विणाई खात्यात महाराला घेत नसत, कारण धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे आणि थुंकी लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. धोटा काय, थर्मामीटर काय. वस्तू नवी, विलायती. हात जुनाच.

मग प्रश्न असा. त्या काठेवाडच्या डॉक्टरला कॉलेजात गोष्टी शिकवल्या असत्या तर त्यानं हात लावला असता काय?

मला हा प्रश्न सोपा वाटत नाही. कारण त्या डॉक्टरनं गोष्टी ऐकल्या नव्हत्या असं थोडंच आहे? या देशात गोष्टींचा दुष्काळ कधी नव्हता. रामायण, महाभारत, पुराण, कीर्तन. सावित्रीच्या गोष्टीला रडलेले डोळे शेजारच्या वाड्यातल्या बाळंतिणीकडं कोरडेच बघत होते. गोष्टीनं माणूस आपोआप चांगला होतो हे खोटं आहे. गोष्ट ऐकून रडणारा माणूस घरी जाऊन विटाळ पाळतो, हे आपण पिढ्यान् पिढ्या बघितलंय. म्हणून 'डॉक्टरांना साहित्य शिकवा' असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुणाचं साहित्य? सांगणारा कोण?

चेखव डॉक्टर होता. १८८४ साली डॉक्टर झाला. त्याचा आजा भूदास होता, पैसे भरून स्वतःला आणि घरच्यांना सोडवून घेतलेला माणूस. त्याची १८८६ सालची एक गोष्ट आहे. एक म्हातारा बर्फातला गाडीवान. त्याचा पोरगा नुकताच मेलाय. जो प्रवासी गाडीत बसेल त्याला तो सांगायला जातो, माझा पोरगा मेला. कुणी ऐकत नाही. कुणाला घाई, कुणी शिव्या देतो. शेवटी रात्री तबेल्यात तो घोडीला सगळं सांगतो. मला वाटतं, ही गोष्ट भूदासाच्या नातवालाच सुचू शकते. मालकाच्या नातवाला गाडीवानाची पाठ दिसते, त्याचं तोंड दिसत नाही.

आपल्याकडं तर याहून जुनी साक्ष आहे आणि तीही पुण्याची. १८५५ साली 'ज्ञानोदय'त मुक्ताबाईचा निबंध छापून आला. मांग समाजातली पोरगी, वय चौदा, जोतिबा-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकणारी. मांगा-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलं. त्यात ती बाळंतपणाचं सांगते. डोक्यावर छप्पर नसताना आमच्या बायका बाळंत होतात, पावसाथंडीत त्यांचे काय हाल होत असतील बघा. त्यातून आजार झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कुठून आणायचा? आणि पुढं ती सरळ विचारते, फुकट औषध देईल असा माणुसकीचा वैद्य तुमच्यात कधी झाला काय?

काठेवाडच्या त्या मास्तरीणबाईच्या आधी चौऱ्याहत्तर वर्षं. चौदा वर्षांच्या पोरीनं केसपेपर लिहून ठेवला. तक्रार काय, कधीपासून, कशामुळं, उपचार का मिळाला नाही, सगळं त्यात आहे. मेडिकल कॉलेजात गोष्टी शिकवायच्या असतील तर पहिला धडा हा. कारण ही दयेची गोष्ट नाही. ज्याचं दुखतंय त्याची जबानी आहे. दयेची गोष्ट ऐकणाऱ्याला मोठं करते. जबानी ऐकणाऱ्याला पिंजऱ्यात उभं करते. शिक्षण दुसरीनं होतं.

त्या प्रश्नाला उत्तर देणारा हातही पुण्याकडचाच. १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेतलं आणि हडपसरजवळ डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात नेलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. दौंडवरून पुण्याला जाताना गाडी मांजरी, हडपसरवरून जाते. मी खिडकीतून बघतो आणि मनात म्हणतो, इथनं एक बाई पोर पाठुंगळी घेऊन गेली होती. थर्मामीटर तीन हातांतून देणारा डॉक्टर आणि पोर पाठीवर घेणारी मास्तरीण. वैद्यकीचं शिक्षण कुणाला होतं आणि वैद्यकी कुणाला कळली, तुम्हीच बघा.

आता आमच्या गिरणीचं सांगतो. मी ब्लो-रूमला आहे. तिथं कापूस फोडतात, धूळ उडते, पाळी संपेपर्यंत भुवया पांढऱ्या होतात. माझ्या छातीत मधूनमधून आवळून येतं. एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं विचारलं, बिडी? म्हटलं, नाही. दारू? नाही. मग खोकल्याचं औषध दिलं. काम काय करतोस, हे विचारलं नाही. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या छातीच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण पुस्तकात दिलेली असते. सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते. म्हणून गोऱ्या लोकांनी त्याला सोमवारचा ताप म्हटलं. आमची सुट्टी गुरुवारी. आमचा सोमवार शुक्रवारी येतो. ज्यानं काम विचारलं नाही, सुट्टी विचारली नाही, त्याला शुक्रवारचा खोकला आणि मंगळवारचा खोकला यात फरक कसा कळावा? इथं गोष्ट म्हंजे काही गोड गोड बोलणं नव्हे. गोष्टीतच रोगाचं निदान आहे.

इटलीत रामाझिनी नावाचा डॉक्टर होऊन गेला. कामगारांच्या रोगांवरचं पहिलं मोठं पुस्तक त्याचं, १७०० सालचं. जुने वैद्य पेशंटला जे प्रश्न विचारायचे त्यात त्यानं एका प्रश्नाची भर घातली. तुझं काम काय? आणि हे पुस्तक लिहायची बुद्धी त्याला कशी झाली? त्याच्या घरचा शौचकूप साफ करायला एक माणूस आला होता. तो जिवाच्या आकांतानं घाई करत होता. रामाझिनीनं थांबून विचारलं, एवढी घाई का? तो म्हणाला, इथं जास्त वेळ राहिलं की डोळे जातात, ज्यानं हे केलं नाही त्याला कळायचं नाही. डॉक्टरनं त्याचे डोळे बघितले, तसलं काम करणाऱ्या इतरांचे बघितले. बांधवांनो, कामगारांच्या वैद्यकशास्त्राचा उगम हा असा आहे. एका भंग्याची गोष्ट एका डॉक्टरनं उभं राहून ऐकली. मैला हातानं उचलायला लावणं आपल्याकडं १९९३ च्या कायद्यानं बंद, २०१३ च्या कायद्यानं पुन्हा बंद. तरी गटारात माणसं मरतात. आपल्याकडं त्या माणसाला थांबवून कुणी विचारलं नाही असं नाही. विचारणाऱ्याच्या हातात पेन आणि अधिकार दोन्ही एकदम फार थोड्या वेळा होतं.

यावर आमचा एक युनियनवाला साथी मला म्हणाला, "लेका, गोष्टी काय करायच्यात? आपल्याला खाटा पाहिजेत, गोळ्या पाहिजेत, डॉक्टर पाहिजेत. पोटभर जेवाय नाय तिथं तू लोणचं मागतोस." त्याचं म्हणणं टाकून देण्यासारखं नाही. गोष्ट ऐकणारा डॉक्टर आणि रिकामं औषधाचं कपाट, याला आपण काय करायचं? ऐकण्याच्या नावाखाली औषध कापायचा डाव कुणी मांडला तर आपण आडवं पडलं पाहिजे.

पण साथीला मी बीडची गोष्ट सांगितली. गळीत हंगामात आपल्या दौंड-शिरूरकडं साखर कारखान्यांच्या भोवती कोप्या पडतात, त्या त्याला रोज दिसतात. बीड-नगरकडनं येतात माणसं. नवराबायको मिळून एक कोयता. उचल आधी घेतलेली. एक दिवस काम बुडालं की खाडा, खाड्याचा दंड. पाणी लांब, संडास नाही, डोक्यावर उसाची मोळी. बाईच्या अंगावरनं पांढरं जातं, कंबर मोडून येते. ती दवाखान्यात जाते. दवाखाना आहे, डॉक्टर आहे, टेबल आहे, सुरी आहे. डॉक्टर म्हणतो, पिशवी काढून टाका. बाई म्हणते, काढा, निदान पाळीची कटकट तरी जाईल, खाडा पडायचा नाही. २०१९ साली बोंब झाली तेव्हा सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली.

आता सांगा, इथं खाट कमी होती का? सुरी कमी होती का? उलट सुरी जास्त झाली. कमी होता तो प्रश्न. बाई, दिवसात किती वेळ वाकून असतीस? पाळीत कापड कुठं धुतीस? खाडा पडला तर किती तुटतात? हे तीन प्रश्न विचारले असते तर रोग पिशवीत नाही, मुकादमाच्या वहीत आहे, हे कळलं असतं. वहीचं ऑपरेशन डॉक्टरला करता येत नाही, हे मला मान्य आहे. पण वहीचा रोग पिशवीच्या नावावर लिहू नये, एवढं तर त्याला करता येतं. लोणच्याचं म्हणशील तर साथी, गोष्ट हे लोणचं नव्हे. ती मीठ आहे.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. राणी आणि अभय बंग या डॉक्टर जोडप्यानं तिथल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोग निघाले. आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या बायका शंभरात फक्त ८. म्हंजे रोग घरोघर आणि बोलणं कुणाच्याच तोंडी नाही. ज्या बाईला सांगायची सवयच कुणी लावली नाही ती अर्ध्या मिनिटात काय सांगणार? ती म्हणते, "काय न्हाय, जरा कणकण हाय." तुम्ही लिहिता, ताप. तिच्या बोलीत दुखण्याला शंभर शब्द आहेत. जीव खालीवर होतो, पोटात कालवतं, हातपाय गळाले, डोकं उठलं, काळजात लकलकतं, अंग मोडून आलं. एकेक शब्द वेगळा आहे. माझी आजी 'अंग मोडून आलं' म्हणाली तर निजायची. 'जीव खालीवर होतोय' म्हणाली की आम्ही गाडी बघायचो. इंग्रजीत शिकलेल्या पोराला हे दोन्ही एकच वाटतं. नव्या अभ्यासक्रमात पहिल्या महिन्यात स्थानिक भाषेचे तास ठेवलेत. ठेवलेत तर शिकवा खरंच. पण व्याकरण नको. आजीला बोलवा.

इथं माझा खरा मुद्दा येतो. डॉक्टरनं गरिबाची गोष्ट ऐकावी ती उपकार म्हणून का? माझं म्हणणं, नाही. ते देणं आहे.

हिशोब करून बघा. पोरगं मेडिकलला गेलं की पहिल्या वर्षी प्रेत फाडतं. ते प्रेत कुणाचं असतं? देहदान करणारी माणसं आता आहेत, त्यांना सलाम. पण १९४९ च्या बॉम्बे अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टनं सोय केली ती बेवारस प्रेताची. दौंड हे जंक्शनचं गाव. मनमाडची लाईन इथं मिळते, सोलापूरची जाते, बारामतीची फुटते. बेवारस माणूस म्हंजे काय ते जंक्शनच्या गावाला शिकवावं लागत नाही. फलाटाच्या टोकाला निजलेला, नाव न सांगता गेलेला माणूस. त्याला वारस नव्हता, गोष्ट तर होती. डॉक्टरचा पहिला गुरू हा असा, ज्याची हिस्ट्री कुणी घेतली नाही.

पुढं वॉर्डात. सरकारी दवाखान्यात खाटेभोवती दहा पोरं उभी राहतात. पोट दाबून बघतात, एकामागून एक. खाटेवर कोण असतो? ज्याला खाजगीत जायची ऐपत नाही तो. श्रीमंताच्या पोटावर कुणी शिकत नाही. म्हंजे या राज्यातल्या प्रत्येक डॉक्टरच्या पदवीवर आमच्या अंगाची सही आहे. आमच्या हाडावर तो हाडं शिकला, आमच्या बायकांच्या बाळंतपणात बाळंतपण शिकला. फी भरली कॉलेजची. आमची फी बाकी आहे. ती पैशात नको. ऐकण्यात द्या.

आणि ऐकणं पेशंटपासून सुरू होत नाही, ते कॉलेजातून सुरू होतं. ज्या २०१९ साली एटकॉम आलं त्याच साली २२ मे रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवीनं जीव दिला. तडवी भिल्ल समाजातली जळगावकडची पोरगी, बायकांची डॉक्टर व्हायला आलेली. जातीवरून छळ झाला असा घरच्यांनी आरोप केला, तीन वरिष्ठ डॉक्टरणींवर गुन्हा दाखल झाला, प्रकरण कोर्टात गेलं. निकाल कोर्ट देईल. माझा प्रश्न वेगळा. शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या मैत्रिणीचं ज्यांना ऐकू येत नाही त्यांना वॉर्डातल्या परक्या बाईचं कोण ऐकवणार? पायल वाचली असती तर किती बायका तिला आपल्या बोलीत आपलं दुखणं सांगू शकल्या असत्या. आमच्यातला डॉक्टर होणं हाही गोष्ट ऐकण्याचाच एक भाग आहे. राखीव जागा म्हंजे नुसती नोकरी नव्हे. दवाखान्याला तो एक जास्तीचा कान आहे.

कवींनाही सांगून ठेवतो. दुसऱ्याचं दुखणं आपणही घेतो आणि त्याची कविता करतो. डॉक्टरनं हिस्ट्री घेऊन औषध दिलं नाही तर आपण बोंबलतो. आपण हिस्ट्री घेऊन काय देतो, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं.

मग खरी हिस्ट्री घेणं कसं असतं? विनयपिटकात महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला हगवण लागली होती, तो स्वतःच्या घाणीत पडला होता. बुद्ध तिथं आले. त्यांनी विचारलं, तुला काय झालंय? तो म्हणाला, पोट बिघडलंय. तुझी शुश्रूषा करायला कुणी आहे? कुणी नाही. मग इतर भिक्खू तुझी शुश्रूषा का करत नाहीत? तो म्हणाला, मी त्यांच्या काही उपयोगाचा नाही म्हणून. मग बुद्धानं पाणी ओतलं, आनंदानं अंग धुतलं, दोघांनी मिळून त्याला उचलून बिछान्यावर ठेवलं. आणि मग भिक्खूंना गोळा करून सांगितलं, ज्याला माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची करावी.

तीन प्रश्न आहेत. पहिला रोगाचा. दुसरा घराचा. तिसरा समाजाचा. डॉक्टर लोक पहिल्यावर थांबतात. चांगला डॉक्टर दुसऱ्यापर्यंत जातो. बुद्ध तिसरा विचारतात आणि उत्तरात सगळा रोग बाहेर येतो: मी कुणाच्या उपयोगाचा नाही. आणि ऐकून झाल्यावर ते प्रवचन देत नाहीत. पाण्याचं भांडं घेतात. थर्मामीटरवाल्या डॉक्टरला जे जमलं नाही ते हेच. ऐकणं हाताशी येऊन पोचलं पाहिजे. नाहीतर ते ऐकणं नव्हे, करमणूक आहे.

म्हणून मेडिकल कॉलेजवाल्यांना माझं मागणं थोडंच आहे. चेखव जरूर वाचा. त्याच्या शेजारी मुक्ताबाई ठेवा, 'बलुतं' ठेवा, 'जिणं आमचं' ठेवा, बाबासाहेबांचं ते टिपण ठेवा. २०२२ पासून तुमच्या पोरांना गावातली कुटुंबं 'दत्तक' देतात म्हणे. शब्द बदला. आम्ही अनाथ नाही. चाळीस वर्षं शेतात राबलेली बाई वीस वर्षांच्या पोराची दत्तक कशी होईल? ते पोरगंच तिच्या घरी शिकायला आलंय, तसं कागदावर लिहा.

केसपेपरवर चार ओळी वाढवा. काम काय? पाणी कुठून? एक दिवस पडून राहिलं तर किती तुटतात? घरी हे कुणाला सांगितलं? आणि एटकॉमच्या तासाला वर्षातून एकदा तरी कोपीतली एखादी बाई बोलवा. तिला खाटेवर निजवू नका, खुर्चीवर बसवा. पोरांनी खाली बसून लिहून घ्यावं. तास संपल्यावर तिला गाडीभाडं द्या आणि त्या दिवसाच्या खाड्याचे पैसे भरून द्या. प्रोफेसरला पगार मिळतो, तिलाही मिळाला पाहिजे. त्या दिवशी ती पेशंट नव्हती, शिकवायला आली होती.

जय भीम.